पहाटे चारचा कंदील

१६ नोव्हेंबर १९८१

दिवाळीच्या सुट्या आज संपल्या. ही नवी वही रडगाणे गायला उघडलेली नाही, एका कामाची नोंद ठेवायला उघडली आहे. गेल्या मार्चच्या परीक्षेत आमच्या शाळेचा दहावीचा निकाल शेकडा चौतीस लागला. लाखांदूरच्या एसटी स्टँडवर तिथल्या शाळेचा एक मास्तर भेटला, तो हसत म्हणाला, "केशवराव, तुमच्या गावात धान पिकतं, पोरं पिकत नाहीत." गणित मी शिकवतो. नापास झालेल्यांपैकी गणितात किती गेले हे मला दुसऱ्याने सांगायला नको.

कारण मला ठाऊक आहे. झोप. इथली पोरे कोंबड्यांबरोबर निजतात आणि उन्हे अंगणात येईपर्यंत लोळतात. त्यात मंडईचे, म्हणजे इकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रांचे, दिवस सुरू झाले. आता होळीपर्यंत आज या गावी नाटक, उद्या त्या गावी, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या वर्गात जांभया.

म्हणून ठरवले. गावात दहावीची चौदा मुले-मुली आहेत. बाकीची सतरा आजूबाजूच्या खेड्यांतून येतात, त्यांच्यापर्यंत माझी सायकल पोचणार नाही. या चौदांच्या घरांवरून रोज पहाटे चार वाजता फेरी मारायची. घरात कंदील पेटलेला दिसला तर नावापुढे लाल टिंब, अंधार दिसला तर काळे. दर सोमवारी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर यादी वाचायची. फळ्यावर आजच मोठ्या अक्षरांत लिहून आलो: 'लवकर उठे, त्यासी ज्ञान, आरोग्य, संपत्ती भेटे.'

घरी येऊन सुलोचनेला सांगितले. ती कारध्याची, नदीकाठची, तोंडाची खमकी. म्हणाली, "अन् 'लवकर निजे' कुठं गेलं जी?"

मी म्हटले, फळ्यावर जागा पुरली नाही.

१९ नोव्हेंबर

पहिली फेरी. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाण्यावर धुके इतके की काठ कुठे संपतो ते दिसेना. एकदा सायकल उतारावर घसरली आणि थोडक्यात वाचलो. चौदांपैकी नऊ घरी अंधार. पाच घरी उजेड, त्यातले एक घर तुलारामचे.

तुलारामची थोरली चंद्रकला. नववीत अठ्ठ्याहत्तर टक्के, गणितात नव्वद. पंधरा वर्षांच्या नोकरीत असे डोके माझ्या वर्गात दोनदा आले असेल. बाप बोडीखालची दोन एकर धानाची बांधी कसतो, आई शकुनबाई घरी बिड्या वळते, तशी त्या गल्लीत निम्मी घरे वळतातच. दिवाळीआधी मी मुद्दाम तुलारामकडे गेलो होतो. त्याने आडपडदा ठेवला नाही.

"गुरुजी, पोरगी हुशार हाये हे मले समजते. पण माह्या घरात दोन पोरी. फस्ट क्लास आली तं भंडाऱ्याले मास्तरणीच्या कोर्सले धाडतो, शब्द देतो. नाही आली तं लगन. मंग तुमी मधात बोलाचं नाही."

मी म्हटले, "तुलारामजी, फर्स्ट क्लास माझ्याकडून घ्या."

चंद्रकला दाराआड उभी होती. तिने ऐकले. तिचे तोंड मी विसरणार नाही.

२३ नोव्हेंबर

पहिली यादी वाचली. धनीरामला सगळी काळी टिंबे. पुढे बोलावून विचारले, "काहून रे, घरी कंदील नाही?"

"हाये जी. पण मी घरी नसतो. बाबासंगं खळ्यावर असतो, धान राखाले. तणसात निजतो."

"किती वाजता?"

"जेवलो का निजतो जी."

सगळी शाळा हसली. तोही हसला. या पोराचे काही खरे नाही. पहिल्या सत्रात गणितात अडतीस.

४ डिसेंबर

अकरा कंदील! लाजेने माणूस काय नाही करत.

तुलारामच्या घरापाशी आज क्षणभर थांबलो. खिडकीला बांबूची तट्टी लावलेली, फटीतून उजेडाची रेघ. आतून कैचीचा कचकच आवाज येत होता, पानांवर चालते तसा. लेक अभ्यासाला उठली म्हणून आईही तिच्या सोबतीला उठून कामाला बसते. अशी आई प्रत्येक पोरीला मिळो. डोळे भरून आले, वहीत खोटे कशाला लिहू?

१२ डिसेंबर

फेरीचा मला काही त्रास होत नाही. शरीराला सवय लावावी तशी लागते. शाळेतून आलो की दिवेलागणीपर्यंत जरा पडतो आणि रात्री नऊला डोळे आपोआप मिटतात. सुलोचना म्हणते, "तुमी तं पोट्ट्यांपेक्षा जास्त झोपून राहिले." बायकांना हिशेब कळत नाही. मी झोपतो ते उठण्यासाठी झोपतो.

२१ डिसेंबर

वर्गात तंबाखूचा वास येतो आहे. गेल्या आठवड्यात शंका आली होती, आज खात्री झाली. दहावीची पोरे बिडी ओढू लागली म्हणजे झालेच! मुलांची दप्तरे ओतून पाहिली, खिसे उलटे करायला लावले. काही सापडले नाही. वास मुलींच्या बाजूला जास्त, पण वारा तिकडचाच होता. मी रागावून बोलत असताना चंद्रकला मान खाली घालून बसली होती. दुसऱ्याच्या पापाने चांगल्या मुलीला लाज वाटते ती अशी.

तिच्या बोटांवर बारीक चिरा दिसल्या. कर्कटकाचे टोक नीट धरायला सांगितले पाहिजे.

२ जानेवारी १९८२

काल प्रमेय सांगत होतो, समोरच्या बाकावर चंद्रकलेची मान खाली गेली. खडू फेकून मारला. दचकून उठली आणि भलत्याच प्रमेयाचे साध्य म्हणू लागली. वर्ग हसला. तिला तोंड धुऊन यायला लावले. आली, बसली, पाच मिनिटांत पुन्हा तेच.

आज ती स्वतःहून मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. "सर, मी उभीच ऐकते." चार तास उभी होती. बाकीच्यांना म्हटले, याला म्हणतात जिद्द. तिच्या वहीत मात्र एकच ओळ दोनदा लिहिलेली सापडली, आणि उणेचे चिन्ह ती हल्ली सारखे विसरते.

११ जानेवारी

तेरा कंदील. एक धनीराम सोडून सगळे. थंडी मरणाची.

२६ जानेवारी

झेंडावंदन झाले. माझ्या सांगण्यावरून मुख्याध्यापक भय्याजींनी या वर्षी एक वेगळे बक्षीस ठेवले. ज्याच्या घरचा कंदील एकही पहाट चुकला नाही त्याला नवा कंदील, मोठ्या काचेचा. अर्थात चंद्रकला. टाळ्या झाल्या. बक्षीस घेताना तिच्या डोळ्यांखाली काळे पडलेले दिसले. वाढीचे वय आहे.

शकुनबाई आली होती. नवा कंदील पदराने पुसत म्हणाली, "बरं झालं जी गुरुजी. जुन्यात एकीलेच दिसे. आता दोघीले उजेड पुरते."

कृतज्ञता असावी तर अशी. घरी येऊन सुलोचनेला हे सांगितले. ती तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला.

"दोघीले म्हणजे? पोरीले अभ्यासाले लागते उजेड. आईले कायले?"

"ती तिच्या सोबतीला बसते."

ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. मला उगाच राग आला.

४ फेब्रुवारी

पूर्वपरीक्षेचे गुण आज जुळवले. जे झाले ते इथे तरी खरे लिहितो.

शिक्षणाधिकारी या महिन्यात येणार आहेत. भय्याजी म्हणाले, त्यांना दाखवायला तुमच्या कंदिलाचा एक तक्ता करा. केला. एका रकान्यात लाल टिंबे, शेजारी पहिल्या सत्राचे गणिताचे गुण, त्यापुढे आताचे. चौदांपैकी बाराजण खाली आले आहेत. ज्याची टिंबे जास्त तो जास्त घसरला. चंद्रकला नव्वदवरून एकावन्नवर. वर गेला तो एकच लक्षात येण्यासारखा, धनीराम. अडतीसवरून एकसष्ट. आणि त्याच्यापुढे लाल टिंब एकही नाही!

तक्ता दोनदा तपासला. पेपर कठीण होता हे एक. थंडी होती हे दुसरे. तिसरे असे की धनीरामने कॉपी केली असणार.

६ फेब्रुवारी

धनीरामला एकट्याला माझ्या टेबलाशी बसवून दोन उदाहरणे घातली. दोन्ही बरोबर सोडवली. तिसरे घातले. तेही.

"घरी कोण शिकवतं?"

"कोणी नाही जी."

"मग करतोस काय तू?"

"काही नाही जी, सर. तुमी वर्गात सांगता ते ऐकतो. घरी गेलो का निजतो."

उर्मटपणा वाटला म्हणून हातावर दोन छड्या दिल्या. त्याला त्याचे काही वाटले नाही. मला मात्र दिवसभर वाटत राहिले. तक्ता भय्याजींना दिला नाही, म्हटले अजून पुरा व्हायचा आहे.

२० फेब्रुवारी

रात्री जेवताना सुलोचना म्हणाली, "एक महिना फेरी बंद ठेवा. पाहा तं खरं काय होते."

"परीक्षा तोंडावर आली आणि फेरी बंद ठेवू?"

"म्हणूनच म्हणते. आज ते तुलारामची पोरगी विहिरीवर दिसली. बादली वर ओढता ओढता डोळे मिटले जी तिचे. मी धरली म्हणून, नाहीतं दोरासंगं आत गेली असती."

मी ताटावरून उठलो. खाटेवर पडून विचार करत राहिलो. एकदा वाटले, ही म्हणते त्यात तथ्य असेल. मग वाटले, आता थांबलो तर तीन महिने मी काय केले? गावात तोंड कसे दाखवू? शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत बातमी गेली आहे. तुलारामला शब्द दिला आहे. आणि पोरांनी शेवटच्या महिन्यात ढिलाई केली तर तो दोष कोणाच्या माथी?

साडेतीनला उठलो आणि गेलो. चंद्रकलेचा कंदील होता. दुरूनच दिसतो तो आता, मोठ्या काचेचा.

८ मार्च

उद्या होळी. आता युक्ती बदलली आहे. काहीजण चारला दिवा लावून सव्वाचारला विझवतात असा मला संशय आहे. वर्गात जाहीर केले, यापुढे फेरीची वेळ सांगणार नाही. बाराला येईन, दोनला येईन, केव्हाही येईन. पेपर संपेपर्यंत अंधार दिसता कामा नये.

चंद्रकला मागे भिंतीशी उभी होती. मला वाटले तिने मान हलवली. आता वाटते, ती उभ्या उभ्या पेंगत असेल.

२२ मार्च

घडले ते क्रमाने लिहितो.

आज बीजगणिताचा पेपर होता. पहाटे तीनला मी तुलारामच्या दारावर थाप दिली. आत उजेड होताच. "चंद्रकला, आजचा दिवस. सूत्रे एकदा नजरेखालून घाल," मी बाहेरूनच म्हटले. "हो सर," ती म्हणाली. तिचा आवाज कुठूनसा खोलातून आला.

साडेसहाच्या गाडीने सगळ्यांना घेऊन लाखांदूरला गेलो. केंद्र तिथेच. गाडीत बसल्याबरोबर तिचे डोके खिडकीच्या दांड्यावर आपटू लागले. मी तिला उठवत राहिलो. तीनदा उठवले. सूत्रे म्हणून घेतली. सगळी बरोबर म्हणाली, एकही चुकली नाही. मला इतका आनंद झाला की स्टँडवर सगळ्यांना चहा पाजला.

अकराला पेपर सुरू झाला. मी रस्त्यापलीकडे लिंबाखाली उभा होतो. सुटल्यावर पोरे भराभर बाहेर आली. धनीराम हसत आला, "सोपा होता जी सर." ती सगळ्यांच्या मागून आली. तिच्या डाव्या गालावर बाकाच्या फळीचा वळ उमटला होता.

"किती सोडवलास?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिच्यामागून पर्यवेक्षक आला. तोच तो स्टँडवरचा मास्तर. आज तो हसला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "केशवराव, ही तुमची का? पहिलं उदाहरण केलं आणि बाकावर डोकं टेकलं. मला वाटलं, मान खाली घालून लिहिते आहे. फेरी मारत तिच्यापाशी आलो तेव्हा वीस मिनिटं उरली होती. हलवली तरी लवकर उठेना. घाबरलो मी, पाणी मारलं."

मी तिच्यापाशी गेलो. रागावणार होतो, हे कबूल करतो. तोंड उघडले होते. तीच आधी बोलली.

"सर, लय चांगली झोप लागली होती." ती रडत नव्हती. सांगितल्यासारखी सांगत होती. "घरी तशी नाही लागत."

येताना गाडीत तिला मी उठवले नाही.

२३ मार्च

संध्याकाळी तुलारामच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसला होता. मला पाहून उठला नाही, या बसा म्हणाला नाही. शकुनबाई आत पाने कापत होती. तिच्या शेजारी धाकटी मंदा बिड्यांना दोरा बांधत बसलेली, आणि मधोमध माझ्या बक्षिसाचा कंदील. सुपात तयार बिड्यांची रास. घरभर तोच वास, जो मी डिसेंबरात मुलांच्या खिशांत शोधत होतो.

चंद्रकला कोपऱ्यात बसून वळत होती. भराभर, न पाहता. बोटांवरच्या चिरा कशाच्या ते मला आता कळले.

मी शकुनबाईला विचारले, "ही पहाटेसुद्धा हेच करत होती?"

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच काही विसरलो आहे. तिच्या मनात काही काळेबेरे नव्हते.

"मंग जी? आदी आमी दाहाले दिवा मालवून निजत होतो. तुमी चारची फेरी काढली तं उठणं आलं. रॉकेल जळून राहिलं तं दोन हात रिकामे कायले ठेवाचे? पोरगी पुस्तक पुढं ठेवे अन् हातानं वळे. तोंडानं म्हणत राहे तिचं ते. तुमी केव्हाबी येतो म्हणले तवापासून तं दिवा मालवलाच नाही. परवाच्या रातीले तं तिनं डोळ्याले डोळा लावला नाही. म्हणे, सर आले अन् अंधार दिसला तं माहं नाव काळ्यात जाईन."

तुलाराम ओट्यावरून म्हणाला, "गुरुजी, आमी तुमचं सारं ऐकलं."

एवढेच म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

२४ मार्च

दिवसभर घोकत होतो, चूक बिड्यांची आहे. शाळेत, घरी, सायकलवर. आईबापाला कळायला नको? परीक्षेच्या वर्षी पोरीला कामाला जुंपतात आणि वर आम्ही सारे ऐकले म्हणतात!

हेच रात्री सुलोचनेपुढे बोललो. तिने भांडी विसळता विसळता ऐकून घेतले.

"नववीतबी वळतच होती जी ते बिड्या. दाहापर्यंत. अन् नव्वद आणले होते. पहाटच्या बिड्या तुमी आणल्या."

मी उठून कपाटापाशी गेलो.

मग तो तक्ता काढला. फेब्रुवारीपासून तो कपाटात उपडा ठेवला होता. गणिताचा मास्तर आहे मी. बारा आकडे एका बाजूला उतरतात आणि न जागणारा एकटा वर चढतो, हे चौथीच्या पोराने सांगितले असते. मला ते त्याच दिवशी दिसले होते. दिसले होते म्हणूनच उपडा ठेवला.

१४ जून

निकाल. शाळेचा शेकडा बेचाळीस. भय्याजींनी पेढे आणवले आणि माझ्या पाठीवर थाप मारली, "केशवराव, कंदिलानं करून दाखवलं! आठ टक्के वाढ."

मी घरी येऊन वेगळी मांडणी केली. एकतीसपैकी तेरा पास. बाहेरगावच्या सतरांत आठ. माझ्या फेरीतल्या चौदांत पाच, आणि त्या पाचांतला एक धनीराम, सेकंड क्लास. ज्यांच्या दारावरून माझी सायकल गेली नाही ती पोरे बरी निघाली. हे भय्याजींना जाऊन दाखवले. त्यांनी कागद वरवर पाहिला.

"चौतीसचे बेचाळीस झाले की नाही? मग? लोकांना हा आकडा समजतो. तुमचा तो नाही समजणार."

चंद्रकला गणितात नापास. बाकी विषयांत जेमतेम.

२० जून

ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म घेऊन तुलारामकडे गेलो. फी मी भरतो, एकच विषय आहे, त्याच्या निकालापर्यंत सहा महिने थांबा, असे सगळे पाठ करून गेलो होतो.

तो बांधीवर जायला निघाला होता. म्हणाला, "तुमसरकडचं स्थळ हाये. पोरगा राइस मिलमध्ये हाये, चांगला हाये. परवा सुपारी फुटली. आपलं ठरलं होतं ना गुरुजी? मधात बोलाचं नाही."

"चंद्रकलेला एकदा विचारतो."

"विचारा ना. पण ते झोपली हाये."

दुपारचे बारा वाजले होते. आत जमिनीवर गोधडीवर ती कुशीवर झोपली होती, गालाखाली हात. शकुनबाई तिच्यावरच्या माश्या वारत बसली होती. कैची बाजूला ठेवलेली. हळू आवाजात म्हणाली, "निकाल लागला तवापासून अशीच झोपून राहिली जी. जेवाले उठते, पुन्हा निजते. लगन झाल्यावर कुठं भेटते झोप? म्हणून म्हणलं निजू दे. उठवू का?"

चार महिने मी त्या पोरीला उठवत होतो. आज पहिल्यांदा मला कोणी विचारले.

"नको," मी म्हटले. फॉर्म खिशातच राहिला.

२९ जून

शाळा सुरू झाली. काल पालकांची सभा होती. भय्याजींनी ठणकावून सांगितले, या वर्षी कंदील पहिल्या दिवसापासून, निकाल पन्नास टक्के. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी व्यासपीठावर बसलो होतो. उठून बोलायचे होते. आकड्यांचा कागद खिशात घडी करून नेला होता. उठलो नाही. एवढे लिहिले की पुरे, स्पष्टीकरण देत नाही.

झोप आली नाही. साडेतीनला सवयीने पाय जमिनीवर टेकले. सुलोचना जागीच होती, म्हणाली, "आता कायले?" मी म्हटले, "विझवायला."

गावातली दहावीची या वर्षीची घरे अकरा. न सांगता, न बोलावता नऊ घरी कंदील पेटलेले होते. मी दारोदार थाप देऊन म्हटले, दिवा मालवा, पोरांना निजू द्या, मी नाव लिहिणार नाही. कोणी दार उघडले नाही. एका घरातून कोणी पोरगा मोठ्याने इतिहास वाचू लागला. दुसरीकडे बाप आतून म्हणाला, "जागा हाये जी, जागा हाये." मी फसवून पाहतो आहे असेच सगळ्यांना वाटले. वाटणारच. मार्चात मीच तसे सांगितले होते.

शेवटी तुलारामचे घर. तट्टीच्या फटीतून तो मोठ्या काचेचा उजेड. मंदा या वर्षी दहावीत आली आहे.

दार वाजवले. आतली कैची थांबली.

"जागी हाये जी गुरुजी!" शकुनबाई घाईने ओरडली. "मंदा जागीच हाये!"

"शकुनबाई, दिवा मालवा. तिला झोपू द्या. तुमचे पाय धरतो."

मग मंदाचा आवाज आला, रडवेला.

"सर, मी नव्हती निजली जी. खरंच नव्हती निजली."

मी आणखी एकदा सांगितले. मग सायकल घेऊन वळणापर्यंत आलो आणि मागे पाहत उभा राहिलो. मी गेलो अशी त्यांची खात्री होईपर्यंत घर गप्प होते. कंदील कोणी मालवला नाही. थोड्या वेळाने कैची पुन्हा सुरू झाली.